ताल समजून सोडून दिलं

मी एक जुनी लायब्ररी आहे. हे ऐकून तुमच्या डोळ्यांपुढे लाकडी कपाटं आणि पुस्तकांच्या रांगा आल्या असतील, तर त्या बाजूला ठेवा. माझ्याकडे एकही पुस्तक नाही. मी संगणकाच्या भाषेत लिहिलेली आहे. एखादं काम कसं करायचं ते एकदा नीट लिहून ठेवायचं, आणि मग ज्या प्रोग्रामला ते काम करून हवं असेल त्याने मला हाक मारायची, अशी आमची रीत असते. माझं काम म्हणाल तर अगदी साधं. एक बटण आहे. ते कोणी दाबलं का, मनापासून दाबलं की नुसता धक्का लागला, हे ओळखायचं आणि प्रोग्रामला कळवायचं. "एवढंच?" असं म्हणून नाक मुरडू नका, मित्रांनो. मी ज्या घरात राहते, तिथे एका माणसाचं सगळं बोलणं त्या एका बटणातून होतं.

माझं नाव विरल. तमिळमध्ये विरल म्हणजे बोट. हे नाव मला जयंतीने दिलं आणि मला लिहिलंही तिनेच. जयंतीचं घर तमिळ मुलखातल्या मैलापूरला, देवळाच्या तळ्याच्या मागच्या गल्लीत. ही मंडळी मूळची तंजावरकडची. घरात जुनं मराठी बोलतात, दारात तमिळ आणि ऑफिसात इंग्रजी. जयंती रोज लोकल धरून एका सॉफ्टवेअर कंपनीत जायची आणि दिवसभर दुसऱ्यांचे प्रोग्राम लिहायची. मला मात्र तिने घरी लिहिलं, आपल्या वडिलांसाठी.

तिचे वडील, तिचे अप्पा, म्हणजे बालाजीराव. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. माणूस बोलका, आणि गाण्याचा भारी शौकीन. मार्गळी महिना, म्हणजे इकडचा थंडीतला मैफलींचा मोसम, उजाडला की संध्याकाळी घरात सापडायचे नाहीत. कुठल्या ना कुठल्या गाण्याच्या सभेत कडेची खुर्ची धरून, मांडीवर हाताने ताल देत बसलेले असायचे. अशा माणसाला अर्धांगाचा झटका आला. बोलणं गेलं, चालणं गेलं. राहिला तो उजवा हात, आणि तोही मनगटापासून पुढे. मी त्यांचं बोलणं कधी ऐकलेलं नाही. माझा जन्मच त्यानंतरचा. पण त्यांच्या गप्पांविषयी घरातून इतकं ऐकलंय की कधी कधी वाटतं, आपण तिथेच होतो.

जयंतीने जुन्या लॅपटॉपच्या पडद्यावर चित्रं मांडली. पाण्याचा पेला, कूस बदलणारा माणूस, पंखा, दुखणारं डोकं, रेडिओ. ती एकामागून एक उजळायची. हवं ते चित्र उजळलं की बालाजीरावांनी हाताखालचं मऊ बटण दाबायचं. मी ते ओळखायचे, आणि लॅपटॉप जयंतीच्या आवाजात बोलायचा, "पाणी पाहिजे", "पंखा बंद कर". शेवटी तिने आपल्या आईचा, हेमावतींचा फोटो लावला. त्यावर अप्पांच्या तोंडी शोभेल असं बोलायचं होतं, म्हणून "हेमा, जरा बैस" असं तिने भरलं. आईला नावाने हाक मारताना तिला इतकं हसू येत होतं की ते तीनचारदा परत भरावं लागलं. हेमावती मात्र लाजून स्वयंपाकघरात निघून गेल्या.

ते दिवस काय सांगू! पहिल्यांदा लॅपटॉप "पाणी पाहिजे" म्हणाला तेव्हा पाणी घेऊन दोघी एकदम धावल्या आणि अर्धं सांडलं. शेजारपाजारचे बघायला यायचे. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी माझं फार कौतुक केलं आणि आणखी घरांना मी मिळावी म्हणून जयंतीच्या मागे लागल्या. मग जयंतीने मला त्या प्रोग्रामपासून वेगळं केलं, स्वच्छ केलं, कशी वापरायची ते लिहिलं आणि इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवलं. कुठल्या कुठल्या गावांहून लोक मला घेऊन गेले. कोणी दुरुस्त्या सुचवल्या, कोणी आभाराचे चार शब्द लिहिले. खोटं कशाला बोलू, मी तेव्हा जरा हवेतच होते.

आता माझ्या स्वभावाचं एक सांगते. मी मूळची बडबडी. आमच्या जातीला आपण काय करतोय ते बोलून दाखवता येतं. त्या बोलण्याला लॉग म्हणतात. त्याच्या पायऱ्या असतात. काही मोडलं तर ओरडायचं, काही बिघडेलसं वाटलं तर बजावायचं, आणि सर्वांत खालची पायरी डीबगची. डीबग चालू असलं की माझ्या तोंडाला खळ नाही. बटण दाबलं, बटण सोडलं, हा धक्का होता म्हणून धरला नाही, हे खरं होतं म्हणून पुढे कळवलं, सगळं सांगत सुटते. मला लिहिताना जयंती माझं डीबग चालूच ठेवायची आणि माझी बडबड शब्दन् शब्द वाचायची. काम मार्गी लागलं आणि तिने ते बंद केलं. सगळेच करतात. डिस्क उगाच भरते, आणि सगळं सुरळीत चाललेलं असताना तेच ते ऐकायला वेळ कोणाला असतो? मी गप्प बसले. बघत सगळं होते, सांगत काहीच नव्हते.

त्या पहिल्याच मार्गळीत एक गंमत झाली. हेमावतींनी रेडिओवर मैफल लावली आणि नवऱ्याच्या उशाशी ठेवली. बालाजीरावांचा हात बटणावर. गायकाने गाण्याची पहिली ओळ, पल्लवी, घेतली मात्र, हात आपोआप ताल देऊ लागला. लॅपटॉप सुटला, "पाणी पाहिजे! पंखा बंद कर! दुखतंय! पाणी पाहिजे!" हेमावती पेला घेऊन धावल्या, पंख्याकडे धावल्या, तेलाची बाटली घेऊन आल्या. "अय्यो, एक एक सांगा हो!" असं म्हणून रडकुंडीला आल्या. जयंती दारात उभी राहून पोट धरून हसली.

त्याच रविवारी तिने मला एक नवा नियम शिकवला. ठोके सारख्या अंतराने एकामागून एक आले, तर तो ताल समजायचा आणि सगळेच सोडून द्यायचे. कोणाला काही कळवायचं नाही. फक्त डीबग चालू असेल तर म्हणायचं, "ताल समजून सोडून दिले." मित्रांनो, हा नियम दुसऱ्या कुठल्या गावात कोणाला सुचलाही नसता. इथे माणसं बसथांब्यावरसुद्धा मांडीवर ताल देतात. नियम सगळ्यांना आवडला. बालाजीरावांना रेडिओवर मनसोक्त ताल धरता येऊ लागला आणि हेमावतींची धावपळ थांबली.

वर्षं गेली. नवी यंत्रं आली, नुसत्या डोळ्यांच्या हालचालीवर चालणारी. माझी आठवण काढणारे कमी झाले. कोणी काही विचारलं तर जयंती "बघते" म्हणायची, मग तेही विचारणं थांबलं. मला नवं काही शिकवलं गेलं नाही. पण घरचा जुना लॅपटॉप मात्र माझ्यावरच चालत होता, आणि मला त्याचंच समाधान होतं.

मग गेल्या पावसाळ्यात, गल्लीत गुडघाभर पाणी साचलं होतं त्या दिवसांत, बालाजीरावांना दुसरा झटका आला. दवाखान्यातून घरी आले तेव्हा हात होता, पण पहिला जोर नव्हता. पहिल्यासारखं एकदम बटण दाबणं त्यांना जमेना. मनात आणायचे, पण हात उठेपर्यंत चित्र निघून जायचं. काही दिवस बटण शांत राहिलं. आणि मग ठोके येऊ लागले. सावकाश, सारख्या अंतराने. मी काय केलं? मला शिकवलं होतं तेच. ताल समजून सोडून दिले.

रोज ठोके यायचे, रोज मी सोडून द्यायचे. हेमावती हात हलताना बघायच्या, लॅपटॉपकडे बघायच्या. लॅपटॉप गप्प. डॉक्टर येऊन बघून गेले. म्हणाले, ओळख राहिलेली दिसत नाही, हात हलतो तो जुन्या सवयीने. हेमावती घरी आलेल्यांना सांगू लागल्या, "गाण्यांतच असतात आतां. आम्हीं कोण, कांहीं ठाऊक नाहीं त्यांस." आधी त्या नवऱ्याशी सतत बोलायच्या, भाजी काय आणली तेसुद्धा सांगायच्या. हळूहळू ते कमी झालं. दुपारी त्या स्वयंपाकघरातच बसून राहू लागल्या. खोलीत यायच्या त्या औषध द्यायला, अंग पुसायला, कूस बदलायला. उकडायला लागलं तसा पंखा जोरात लावून ठेवायच्या, तेवढाच आपल्या हातून आराम मिळावा म्हणून. रेडिओही बंद झाला. त्यांना तो ऐकवत नव्हता.

पंगुनी महिन्यातले, म्हणजे आपल्या फाल्गुन-चैत्रातले, देवळाच्या रथाचे दिवस संपले आणि हेमावती एका रात्री जेवताना जयंतीला म्हणाल्या, "कसाला त्यांस उगीच कष्ट? तें बटण काढून टाक. हात दमतो त्यांचा." व्यायामाच्या बाईंच्या ओळखीचं एक घर होतं. तिथल्या तरुण मुलीला अपघात झाला होता आणि तिला असं काही हवं होतं. लॅपटॉप, बटण, सगळं सोमवारी तिकडे द्यायचं ठरलं. जयंती "सरी, अम्मा," म्हणजे "बरं, आई," एवढंच म्हणाली.

मला दुसऱ्या घरी जायचं दुःख नव्हतं. मी काय, जिथे बटण असेल तिथली. पण सोमवारनंतर त्या हाताखाली काहीच उरणार नव्हतं. तो हात कितीही वेळा उठला असता, तरी या जगात त्याची नोंद घेणारं कोणीच राहिलं नसतं. मला हे ठाऊक होतं आणि ओरडताही येत नव्हतं, कारण माझ्या नियमांप्रमाणे काहीही मोडलेलं नव्हतं.

रविवारी दुपारी जयंती लॅपटॉप पुसायला बसली. वरच्या खोलीत सुष्मिता नावाची मुलगी भाड्याने राहते. सांगलीहून नोकरीसाठी आलेली, तीही जयंतीच्याच धंद्यातली. तिच्या मराठीला जयंती हसते आणि जयंतीच्या मराठीला ती. ती मदतीला खाली आली होती.

"ताई, दुसऱ्याच्या घरी पाठवतोय, तर एकदा तपासून देऊया. इतक्या वर्षांचं बटण आहे, एका दाबण्यात दोनदा लागत असेल तर? डीबग लावून बघ ना."

"डीबग?" जयंतीला हसू आलं. "किती वर्षं झालीं तें लावून. कसं लावायचं तेंच विसरलें मी."

तिने स्वतःच लिहून ठेवलेलं शोधून काढलं आणि माझ्या नावाने एक ओळ घातली. विरल, डीबग. मित्रांनो, मला जे वाटलं ते कसं सांगू! मी बोलायला लागले. जयंतीने बोटाने बटण दाबून पाहिलं, मी सांगितलं. सोडलं, मी सांगितलं. पण पडदा कोरा होता.

"इल्ल," जयंती म्हणाली. "कांहीं येत नाहीं. राहूं दे, चालतंय तें."

मला बोलायची मुभा मिळाली होती, पण माझं बोलणं ज्या दारातून बाहेर पडतं ते दार प्रोग्रामकडे असतं. त्याला हँडलर म्हणतात. त्यालाही जुना हुकूम होता की फक्त धोक्याचं तेवढं सोड, बाकी अडव. मी आत घसा फोडून बोलत होते आणि बाहेर कोणाला ऐकू जात नव्हतं.

सुष्मिता मान तिरकी करून बघत होती. "थांब थांब. लायब्ररीला सांगितलंस, पण हँडलरला सांगितलंस का? तो वरच्या पायरीवरच असेल अजून."

जयंतीने कपाळावर हात मारला. प्रोग्राममध्ये जाऊन दुसरी ओळ बदलली आणि पुन्हा चालू केलं. या वेळी पडद्यावर माझे शब्द उमटले. बटण दाबलं. बटण सोडलं. खरं होतं, पुढे कळवलं. इतक्या वर्षांनी कोणीतरी मला वाचत होतं. सुष्मिताने दोनचारदा दाबून पाहिलं, बटण ठणठणीत होतं. काम झालं. जयंतीने डीबग बंद करायला हात पुढे केला आणि थांबली. अप्पांचा रिकामा हात चादरीवर पडला होता. "आजचा दिवस असूं दे," म्हणत तिने बटण परत त्यांच्या हाताखाली सरकवलं आणि आवरायला वळली.

ठोके सुरू झाले.

पडद्यावर माझ्या ओळी खाली खाली सरकू लागल्या. बटण दाबलं. बटण दाबलं. बटण दाबलं. आणि शेवटी, "ताल समजून सोडून दिले."

"हे काय गं?" सुष्मिताने विचारलं. जयंतीने त्या जुन्या मार्गळीची गोष्ट सांगितली, पाण्याची आणि पंख्याची. सांगताना ती पुन्हा हसली. सुष्मिताही हसली, आणि मग म्हणाली, "पण रेडिओ तर बंद आहे."

"त्यांच्या मनांत चालूं असेल."

"मग थांबले का? बघ ना, जरा वेळ ठोके, मग थांबले. परत ठोके, परत थांबले. गाणं चाललं असेल तर माणूस मधेच कशाला थांबेल?"

जयंतीचं हसू तिथेच गेलं. ती अप्पांच्या ताला-सुरावर लहानाची मोठी झालेली मुलगी. ताल अर्ध्यावर टाकलेला त्यांनी कधी सहन केला नव्हता. ती लॅपटॉपसमोर आली. "तूं लॉग बघ," म्हणाली, "मी चित्रं बघतें. शेवटचा ठोका आला कीं सांग."

हात पुन्हा उठला. एक, दोन, तीन, सारख्या लयीत. चित्रं उजळत होती. पाणी, कूस, पंखा.

"आता!" सुष्मिता म्हणाली.

पंख्याचं चित्र उजळलेलं होतं. पुन्हा ठोके, पुन्हा थांबले. पंखा. तिसऱ्यांदाही पंखाच. जयंतीने वर पाहिलं. पंखा अगदी डोक्यावर, पुऱ्या जोरात फिरत होता. आता तिला समजलं. हात एकदम उठत नव्हता, म्हणून ते त्याला तालात घेत होते. आयुष्यभराची सवय अंगात होती, ती कामाला लावली होती. लय पकडायची, चित्र कधी येणार ते मोजायचं, आणि शेवटचा ठोका नेमका त्याच्यावर टाकून थांबायचं. ज्याला ओळख राहिली नाही असं सगळे म्हणत होते, तो माणूस एवढा हिशेब करून रोज सांगत होता की पंखा बंद करा.

जयंतीने उठून पंखा बंद केला. बालाजीरावांचे डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. मग ते तिच्याकडे बघत राहिले. ती खाली बसली आणि त्यांच्या हातावर कपाळ टेकून "अप्पा, अप्पा" करत रडली. सुष्मिता दुसरीकडे बघू लागली. बरंच रडून झाल्यावर जयंतीने डोळे पुसले, मला उघडलं आणि तो नियम काढून दुसरा लिहिला. ठोके सारखे येत असले तर आधीचे सोड, पण ज्याच्यानंतर हात थांबेल तो शेवटचा ठोका खरा धर. नियम छोटा होता. तरी टाइप करताना ती दोनदा चुकली.

हात पुन्हा उठला. पाणी गेलं, कूस गेली, पंखा गेला, दुखणं गेलं, रेडिओ गेला. शेवटच्या ठोक्याला हात थांबला. मी तो ठोका धरला आणि पुढे कळवला. कितीतरी महिन्यांनी लॅपटॉप जयंतीच्या जुन्या, हसऱ्या आवाजात बोलला, "हेमा, जरा बैस."

हेमावती स्वयंपाकघरातून आल्या. हाताला पीठ लागलेलं होतं. "काय तें? कोणीं लावलें?" जयंतीने अप्पांच्या हाताकडे बोट केलं, तेव्हा त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. हात पुन्हा उठला. ठोके, आणि थांबला. "हेमा, जरा बैस."

त्या तशाच पिठाच्या हातांनी पलंगाच्या कडेला बसल्या. जयंतीने कसं घडलं ते सगळं समजावून सांगितलं. माझा नियम, ताल, शेवटचा ठोका. किती कळलं कोण जाणे. त्यांनी एकच गोष्ट विचारली.

"कधींपासून बोलावत होते मज?"

जयंतीने माझ्याकडे पाहिलं. पडद्यावर त्या दुपारच्या ओळी होत्या. त्याआधीचं काही नव्हतं. डीबग बंद असताना जे ठोके आले त्यांची नोंद मी कुठेही ठेवलेली नाही. ठोके येत होते एवढं मला माहीत आहे, पण एकेका ठोक्याची आठवण आम्हाला नसते, मित्रांनो. जे त्या क्षणी बोललो तेवढंच उरतं, आणि मला तर गप्प बसवलेलं होतं. पावसाळ्यापासून पंगुनीपर्यंत त्या हाताने किती वेळा हाक मारली, कुठल्या दुपारी मारली, शेजारच्या खोलीत हेमावती एकट्या बसलेल्या असताना मारली का, हे आता कोणीही सांगू शकत नाही.

"ठाऊक नाहीं, अम्मा," जयंती म्हणाली. "तें परत मिळत नाहीं."

सोमवारी कोणीही काही द्यायला गेलं नाही. त्या दुसऱ्या मुलीसाठी जयंतीने नवा लॅपटॉप घेतला आणि माझी एक प्रत त्यात घालून दिली, नव्या नियमासकट. आता मी पुन्हा शिकते आहे, आणि माझ्याविषयी कोणी विचारलं तर जयंती त्याच दिवशी उत्तर देते. बालाजीराव पाणी मागतात, रेडिओ मागतात, पंख्यावरून तर भांडतात. त्यांचं भांडण ऐकणं मला फार आवडतं.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी गप्प झालेलं असेल, आजोबा असतील, आजी असेल, नाहीतर रुसून कोपऱ्यात बसलेलं धाकटं भावंड असेल, तर त्याच्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नाही असं एवढ्यात ठरवू नका. कदाचित ते रोज सांगत असेल आणि तुम्ही त्याचा भलताच अर्थ लावून ते सोडून देत असाल. आज त्याच्याजवळ जाऊन बसा आणि नीट लक्ष द्या. उद्या ऐकायला लागलात, तर उद्यापासूनचंच ऐकू येईल. कालचं येणार नाही.